पाण्याखालच्या चावडीवर

माझं अक्षर वाईट आहे, ओळी खाली उतरत जातात आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी पास झाले तेव्हा गुरुजी म्हणाले होते, पोरगी हुशार आहे, पण हिचं अक्षर म्हणजे पाय तुटलेले मुंगळे. त्यानंतर शाळाच सुटली, त्यामुळं मुंगळे तसेच राहिले. जो कोणी ही वही उघडेल त्यानं मला माफ करावं. कुणाला दाखवायला मी लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, अजूनही सुकतो. कागदासमोर सुकत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही मणेरी, म्हणजे बांगड्या भरणारे. माझं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. सासर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढं, धरणाच्या काठावर. घरात दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलायचो, पण शाळा मराठी झाली म्हणून लिहिते मराठीत. सासूला मी अम्मा म्हणायचे. गाव तिला मणेरीण मावशी म्हणायचं आणि मला भाभी. घरचे, म्हणजे माझे मालक, दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते, आठवड्यातून एकदा यायचे. एरवी घरात अम्मा, मी आणि बांगड्या.

अम्मासारख्या बांगड्या भरणारी मी दुसरी पाहिली नाही. बाईचा हात हातात घेतला की तिची बडबड सुरू व्हायची. सासू कशी आहे, गाय व्याली का, नणंद कधी जाणार. बाई बोलण्यात गुंतली की अंगठ्याखालचं हाड दाबायची आणि बांगडी कधी मनगटावर गेली ते बाईलासुद्धा कळायचं नाही. घालताना बांगडी वाढवली, म्हणजे फुटली, तर तिचे पैसे बाईकडून घ्यायचे नाहीत, असा आमच्यात नियम. अम्माच्या हातून क्वचितच वाढवायची. मी बाजूला बांगड्यांच्या माळा धरून बसायची. बायका विचारायच्या, "मावशी, सून मुकी हाय काय?"

अम्मा म्हणायची, "मुकी न्हाई. साठवतीय. म्हातारपणी सगळं एकदम बोलंल."

त्या वर्षी अम्माच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. हिरवा आणि मोरपंखी यातला फरक तिला उन्हात धरल्याशिवाय कळेना. दिवाळीचा माल आणायला आम्ही दोघी शिरूरच्या पेठेत गेलो, तेव्हा ती शेठला म्हणाली, "आता माल हिच्या नावावर द्या." शेठ वर्षानुवर्षं अम्माला उधारीवर माल द्यायचे. दिवाळी झाली की पैसे चुकते, मग पुढचा माल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वही पुढं सरकवली. सही करता येते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. एकशे चाळीस रुपयांच्या मालाखाली मी माझं नाव लिहिलं. येताना एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसले होते. एवढ्या पैशांची वस्तू माझ्या नावावर कधी नव्हती. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं.

आता धरणाबद्दल लिहायला हवं. धरण भरून दोन-तीनच पावसाळे झाले होते. त्याआधी तिथं नुसतं माळरान, ज्वारीची वावरं आणि एक गाव होतं. पाणी यायच्या आधी लोकांनी घरांचे वासे, कौलं, दारं काढून नेली आणि वर माळावर, आमच्या वस्तीला लागूनच, नवं गाव बसवलं. मारुतीसुद्धा नव्या गावात नेला. खाली उरली दगडी जोती, पडक्या भिंती, चावडीचा ओटा आणि बांधावरच्या बाभळी. ते सगळं पाण्याखाली गेलं. पलीकडच्या गावांना जायचा रस्ताही गेला. मग भीमेच्या काठचे दोघं भाऊ आले आणि त्यांनी दोन लाकडी नावा आणल्या. दर मंगळवारी पलीकडं बाजार भरायचा, त्या दिवशी दोन्ही नावा चालायच्या.

आमची माणसं कोरडवाहू. अंगाला लागेल एवढं पाणी आम्ही फक्त विहिरीत पाहिलेलं. नावेत बसायचं तर बैलगाडीत बसल्यासारखे बसायचे. कुणी कडेवर बसून पाय खाली सोडायचं, कुणी शेळी घेऊन उभं राहायचं. नावाडी ओरडून दमायचे. धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "ह्ये लोक माझी नाव जुपायला बैल मागत्याल एक दिवस." नदीत वाढलेले ते दोघंही धरणाला बिचकूनच होते. नदी एकीकडं वाहते, हे पाणी कुठंच वाहत नाही आणि वारा सुटला की चारी बाजूंनी उठतं, असं थोरला म्हणायचा.

हस्ताचा पाऊस चालू होता. दसरा आठवड्यावर आला होता. त्या मंगळवारी अम्मा आणि मी पेटी घेऊन पलीकडच्या बाजाराला गेलो. धंदा असा झाला की माझी बोटं दुखायला लागली. आमच्याच नव्या गावातली एक बाई तिथं भेटली. अम्माची जुनी गिऱ्हाईक, मोठ्यानं हसणारी. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात व्हायचं होतं. ती चार माळा उलटसुलट करून शेवटी एका गडद हिरव्या माळेवर थांबली. बारीक सोनेरी बुट्टे होते तिच्यावर.

"ह्याच लेकीच्या चुड्याला. दुसऱ्या कुणाला दिल्यास तर बघ, मावशी."

"लग्नाला सात म्हयनं हायती. आत्ता पैसं टाक."

"मुलीचं माप घिऊन ये तवा दीन की. पळून चाललीय व्हय मी?"

अम्मानं ती माळ कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. त्या बाईनं स्वतःला डझनभर साध्या बांगड्या भरून घेतल्या आणि पहिल्या नावेनं निघाली. आम्हाला तिच्याबरोबरच यायचं होतं. पण एक म्हातारी हात पुढं करून बसली होती आणि तिचा हात होता लाकडासारखा. अम्मा उठेना. मी दोनदा म्हटलं, नाव सुटेल. अम्मा म्हणाली, अर्धा हात भरून कुणाला उठवत नसतात. तिसरी बांगडी जाईपर्यंत पहिली नाव निघून गेली. मी मनात चिडले होते, ते इथं कबूल करते.

आमची नाव पाठोपाठ निघाली. थोरला भाऊ वल्हवत होता. पंधराएक माणसं, दोन शेळ्या, भाजीच्या पाट्या. माझ्या शेजारी आप्पा बसले होते. आप्पा बुडालेल्या गावातले, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला पटका. चार माणसं दिसली की ते पाण्याखालचं गाव दाखवायला लागायचे. "हितं माजी विहीर. हितं सुताराचं घर." लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "आप्पा, पाण्यात काय दिसतंय वो तुमाला?" ते म्हणायचे, "मला पाणीच दिसत न्हाई."

पाण्याच्या मधोमध आलो आणि ईशान्येकडं आभाळ काळं झालं. आधी वारा नव्हता, मग एकदम आला. धूळ पाण्यावरून येताना मी तेवढी एकदाच पाहिली. नंतर गार थेंब, मग गारा. पाणी उकळल्यासारखं उठलं. पुढची नाव आमच्यापासून दोन वावरांवर होती. गारा सुरू झाल्या तशी तिच्यातल्या माणसांनी पावसाकडं पाठ केली आणि घोंगड्या डोक्यावर घेऊन एका बाजूला सरकून बसली. वावरात पाऊस आला की आमची माणसं हेच करतात. झाडाच्या किंवा गाडीच्या आडोशाला एकाच बाजूला गोळा होतात. लहानपणापासूनची सवय, कुणाच्या मनातही आलं नसेल की आपण काही चुकतोय. नाव त्या बाजूला कलली. मी डोळे मिटून उघडले तर नाव नव्हती.

आमच्या नावेतली माणसंही त्याच बाजूला सरकायला लागली होती, तेवढ्यात आप्पा उभे राहिले आणि आवाज घुमवून ओरडले, "खाली. बुडाला बसा समदी. गारा खाऊ द्या पाठीला." त्यांचा आवाज असा की जो तो जिथं होता तिथं खाली बसला. मी पेटीवर ओणवी झाले. गारा पाठीवर बसत होत्या आणि मला वाटत होतं, पेटीवर पडण्यापेक्षा माझ्यावर पडलेल्या बऱ्या.

वाऱ्यानं नाव नेली. वल्ह्याचं काही चालेना. मग खालून कर्र असा आवाज आला आणि माझ्या पायाशी पाणी यायला लागलं. वाळलेल्या बाभळीचा शेंडा तळात घुसला होता. थोरला नावाडी म्हणाला, "फळी गेली. आता मी काय करू?" त्याला कुणाकडून उत्तर नको होतं, तो रडायच्या बेतात होता.

आप्पा इकडं तिकडं बघत होते. वर नव्या शाळेचा पत्रा दिसत होता आणि डाव्या हाताला दोन टेकड्यांची खिंड. त्यांनी एका डोळ्यावर हात धरला. "ही बाभळ कुंभाराच्या बांधाची. म्हंजी चावडी हाय डाव्या अंगाला, लई लांब न्हाई. डावीकडं मार वल्हं. जोरात मार."

"आप्पा, खाली पाणी किती हाय?"

"चावडीचा ओटा समद्या गावात उंच. मार तू."

नाव निम्मी भरली होती तेव्हा तळ दगडाला घासला. आप्पा आधी उतरले. पाणी त्यांच्या छातीला लागलं आणि ते उभे राहिले. धरणाच्या मधोमध एक म्हातारा उभा राहिलेला पाहिला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं. भीतीनं आलं असेल, पण आलं. मग एकेकाला त्यांनी उतरवून घेतलं. "हात सोडू नका. पाय घासत चला, उचलू नका. म्होरं कठडा हाय, त्येच्या पल्याड जाऊ नका." नाव रिकामी झाली तशी सरकली आणि उताराच्या बाजूला कलंडून खाली गेली. शेळ्या पोहत पोहत दिसेनाशा झाल्या. नंतर कळलं, त्या आमच्या आधी काठाला लागल्या होत्या.

आम्ही पंधरा माणसं पाण्याखालच्या चावडीवर हात धरून उभी राहिलो. लाटा आल्या की पाणी गळ्याला लागायचं, गेल्या की छातीला. पेटी मी डोक्यावर घेतली होती. एका हातानं पेटी, दुसऱ्या हातात अम्माचा हात. अम्मा ठेंगणी. लाट आली की तिचं तोंड वर करावं लागायचं. तशातही ती बोलत होती.

"आप्पा, तुमच्या गावच्या चावडीवर बाईमाणसाला कवा चढू दिलं न्हाई. आज कसं काय?"

"पंच बुडालं समदं. आता कोण अडवतंय?"

"चा तरी सांगा."

"हाटेल हितनं तिसऱ्या घराला. जाऊन सांगून ये."

कुणीतरी हसलं. मग दुसऱ्यानं विचारलं, आप्पा, माझं घर कुठल्या बाजूला? आप्पा मानेनं दाखवायला लागले. प्रत्येक जण आपलं घर विचारू लागला. मला वाटतं त्यांनी ते मुद्दाम चालवलं होतं, कारण बोलणारं माणूस हात सोडत नाही.

एक मोठी लाट आली आणि अम्माचा पाय ओट्याच्या कडेवरून सुटला. ती खाली गेली. तिचा एकच हात माझ्या हातात होता आणि तो सुटत चालला होता. भरून भरून मऊ झालेला हात, साबणासारखा. आप्पा ओरडले, "भाभी, पेटी सोड, दोनी हातानं धर." मी पेटी सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा तिला विसरले. दोन्ही हातांनी अम्माला वर ओढलं. ती खोकली, पाणी थुंकली, डोळे पुसले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही: "पेटी कुठाय?"

मी मानेनं पाण्याकडं दाखवलं.

"एकशे चाळीस रुपयांचा माल टाकलास आणि काय वर काढलंस, तर ही म्हातारी," ती म्हणाली. "शेठ मला घेईल का मालाच्या बदली?"

वारा जसा आला तसा गेला. ऊनसुद्धा पडलं. नव्या गावातली माणसं काठावर जमली होती, पण नाव एकही उरली नव्हती. मग त्यांनी गुऱ्हाळातली काहील आणली. गूळ शिजवायची मोठी लोखंडी कढई. दोन पोहणारे तिला धरून आले आणि दोन-दोन माणसं बसवून नेऊ लागले. काहील पाण्यात सरळ जात नाही, गोल फिरते. अम्मा आणि मी बसलो तेव्हा ती अशी फिरली की एकदा गाव समोर, एकदा धरणाची भिंत समोर. अम्मा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, जत्रेतल्या पाळण्यात कुणी बसवलं नाही ते आज बसवलं. काठाला लागलो तेव्हा तिच्या लुगड्याला गुळाचा वास येत होता.

पहिल्या नावेतली नऊ माणसं धाकट्या भावाबरोबर नावेच्या फळ्या धरून वाचली. पाच गेली. ती मोठ्यानं हसणारी बाई त्यांत होती. दुसऱ्या दिवशी सापडली. अम्मा गेली होती तिच्या घरी. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "बारा भरल्या होत्या, बाराच्या बारा हातात आहेत." मग दोन दिवस अम्मा काही बोलली नाही. तिला गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली.

आम्ही वाचलो याचा आनंद होत होता आणि त्याची लाज वाटत होती. पाच घरांसमोरून जाताना मी मान खाली घालायची. पण पाण्यातून बाहेर आल्यापासून सगळ्याची चव वाढली होती, भाकरीचीसुद्धा. शनिवारी घरचे आले. गाडीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दोन्ही नावा गेल्या. दारात आले आणि मला चूल फुंकताना पाहून उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, चहा कर, साखर जास्त घाल.

दिवाळी मालाशिवाय गेली. त्या मंगळवारच्या धंद्याचे पैसे घरखर्चातच संपले. अम्मा आणि मी शिरूरला जाऊन शेठला सगळं सांगितलं. म्हणजे अम्मानं सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी दिलं, हळहळले. पण त्यांच्या दुकानाचा नियम होता की जुनी बाकी फिटल्याशिवाय नवा माल नाही, आणि तो नियम सगळ्यांना सारखा. "सवडीनं द्या, मावशी. घाई न्हाई. पण माल तेवढा मागू नका." माल नाही तर धंदा नाही, धंदा नाही तर बाकी कशी फिटणार? घरच्यांच्या पगारात घर चालायचं, वर एक पैसा राहायचा नाही. अम्मा रिकामे हात मांडीवर घेऊन बसायची. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात धरलेली बाई. तिच्याकडं बघवायचं नाही. गिऱ्हाईकं दुसऱ्या मणेऱ्याकडं जायला लागली. एक वर्ष असं गेलं असतं तर बांगड्या भरायला आम्ही ज्या गावांत फिरायचो ती गावं आमची राहिली नसती.

मी कांदे लावायला जाऊ लागले. सवा रुपया रोज. बायका ओळीनं वाफ्यात बसून बोलायच्या आणि मी ऐकायचे. "भाभी, आप्पांनी चावडीवर चा पाजला म्हनं." मी म्हणायचे, "साखर कमी होती." पहिल्यांदा हे बोलले तेव्हा सगळा वाफा थांबला. मुकी भाभी बोलली म्हणून बायकांनी कांद्याच्या रोपाची जुडी माझ्या डोक्यावरून ओवाळून टाकली. त्या मजुरीतून पौष-माघात थोडे थोडे करून मी शेठला वीस रुपये पोचवले. उरले एकशे वीस. या चालीनं अम्माचे हात आणखी दोन वर्षं रिकामे राहिले असते.

उन्हाळ्यात उसासाठी कालव्याला पाणी सोडतात. चैत्र संपता संपता धरण आटतं आणि बुडालेलं गाव वर येतं. तेव्हा त्या गावच्या लोकांची एक रीत होती. दिवस ठरवून सगळे खाली उतरायचे. आपापल्या जोत्यावर जायचे, बायका झाडू घेऊन आपल्या पडक्या घराचा उंबरा झाडायच्या, मारुतीच्या रिकाम्या पारावर नारळ फोडायचे, चूल मांडून आमटी-भाकरी करायचे आणि दिवस कलायच्या आत परत यायचे. छप्पर नाही, भिंत नाही, तरी म्हणायच्या, "या घरात, बसा." त्या वर्षी आप्पा आमच्या दारात आले.

"मावशी, चला. पेटी हुडकू."

अम्मा म्हणाली, "सात म्हयनं पाण्यात. काय राह्यलं असंल?"

"काच हाय ती. काचंला काय व्हतंय?"

आम्ही गेलो. चावडीचा ओटा उन्हात कोरडा पडला होता, वर चिखलाच्या पापड्या. त्याच्यावर मी चढले. आप्पांनी मला त्या दिवशी उभी होते तिथं उभं केलं, हात डोक्यावर धरायला लावले आणि विचारलं, वारा कुठनं होता, पेटी कुठल्या बाजूला गेली. मी मानेनं दाखवलं. "बोल की," ते म्हणाले. मी म्हटलं, "उजवीकडं, उताराला, कुंभाराच्या बांधाच्या अंगाला." आप्पांनी काठी रोवली.

बातमी पसरली आणि उंबरे झाडणाऱ्या बायका झाडू घेऊनच आल्या. कुणी खुरपं आणलं, कुणी पाटी. गाळ वरून टणक आणि खाली लोण्यासारखा. दोन तास उकरलं. एकीला कुंभाराचं मडकं सापडलं, एकीला स्वतःचाच हरवलेला खलबत्ता. ती तिथंच नाचली. मग अम्मा, जिला धड दिसत नव्हतं, ती गाळात कोपरापर्यंत हात घालून बसली होती, ती म्हणाली, "ही कडी माझ्या पेटीची आहे."

पेटी चौघींनी ओढून काढली. झाकण फुगून बसलं होतं, आप्पांनी कुऱ्हाडीनं उघडलं. आत कागद आणि पेंढा यांचा काळा लगदा. त्यात अम्मानं हात घातला आणि एक माळ वर काढली. शेजारच्या डबक्यात खळखळून धुतली. हिरव्या बांगड्या उन्हात अशा लखलखल्या की बायकांनी हातातली खुरपी खाली टाकली. नंतर सगळ्या डबक्याच्या कडेनं बसल्या आणि माळा धुवायला लागल्या. लाखेच्या खराब झाल्या होत्या, सोनेरी नक्षी सगळी उडाली होती, थोड्या वाढवल्या होत्या. पण काच काचच होती. दहातल्या आठ चांगल्या निघाल्या. मी एवढ्या बायकांमध्ये बसून मोजत होते आणि मोठ्यानं मोजत होते, हे मला नंतर लक्षात आलं.

पण आठ दिवस झाले तरी एकही बांगडी कुणी भरली नाही. धुवायला सगळ्या आल्या, घालायला कुणी येईना. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. शेवटी शेजारीण म्हणाली, "मावशी, राग मानू नका. त्या पाण्यात पाच मानसं गेली. त्यातल्या बांगड्या सवाष्णीनं कशा भरायच्या?" अम्मा म्हणाली, "बरोबर आहे तुझं." माळा खुंटीला टांगल्या. मला वाटलं, आता संपलं.

मग त्या गेलेल्या बाईची मुलगी आली. घरात मयत झालं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून तिचं लग्न ठरल्या तिथीलाच होतं. आपल्या काकीबरोबर आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, आईनं माज्या चुड्याच्या बांगड्या पसंत केल्या व्हत्या म्हनं. पेटीत हायत्या का?"

काकी म्हणाली, "अगं, त्या नगं. दुसऱ्या घिऊ शिरूरहून."

मुलगी म्हणाली, "आईनं हातात घिऊन बघितलेल्या दुसऱ्या कुठनं आनू?"

अम्मानं माझ्याकडं पाहिलं. रंग तिला ओळखता येत नव्हता. मी खुंटीवरून ती माळ काढली. बुट्टे गेले होते, नुसता गडद हिरवा रंग उरला होता. मी म्हटलं, "ह्यावर सोनेरी बुट्टे होते. ते धुऊन गेले. तुझी आई चार माळा बघून ह्या माळेवर थांबली. म्हणाली, दुसऱ्या कुणाला दिल्यास तर बघ." मुलगी हसली आणि अगदी तिच्या आईसारखी, मोठ्यानं हसली. अम्मा तोंडावर पदर धरून आत गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा चुडा मी भरला. अम्मानं मला पुढं बसवलं. मांडवात सगळं गाव होतं. घसा सुकला, पण मुलीचा हात हातात घेतला आणि बोलायला लागले, चावडीचं, काहिलीचं, शेळ्यांचं. एकही बांगडी वाढवली नाही. चुडा भरून झाला तशी काकीनं स्वतःचा हात पुढं केला. "भर मला पन. त्याच माळंतल्या." मग शेजारीण बसली. मग रांग लागली. अम्माला दुसऱ्या बाजूला पाट द्यावा लागला. सोनेरी नक्षी नाही म्हणून भाव कमी लावला तरी चालेना, बायका पुऱ्या भावानं भरत होत्या. वैशाख संपेपर्यंत पलीकडच्या गावांतूनही निरोप यायला लागले. रस्त्यानं वळसा घालून बायका आल्या. पेटी रिकामी झाली. अम्माचे हात दिवसभर भरलेले असायचे आणि ती बडबडून आमचं डोकं उठवायची.

ज्येष्ठात मी शिरूरला एकटी गेले. एस.टी.त खिडकीशी बसले, पैसे पदराच्या गाठीत. शेठ दुकानात होते. मी नोटा आणि सुटे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले, एक रुपया जास्त आहे म्हणून परत केला. "मावशी कशा हायत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत. पेटीच्या बदली तुम्हाला द्यायच्या होत्या, पण आता देत नाही." ते आधी चमकले, मग पोट धरून हसले. वहीत लिहून त्यांनी मला दाखवलं. मी वाचलं. एकशे चाळीस पुरे जमा.